नॅरोगेज गेली, स्थानक उभं आहे: गावाचा वाहतूक-वारसा राखायचा कसा?

रूळवाट

नमस्कार मंडळी. आमचं गाव बार्शी लाइट रेल्वेच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या नॅरोगेज गाडीच्या, जुन्या मार्गावरचं. नाव मुद्दाम देत नाही, कारण हा प्रश्न एकट्या आमच्या गावाचा नाही. लातूरपासून मिरजेपर्यंत अशी कितीतरी गावं आहेत जिथून छोटी गाडी गेली आणि दगडी इमारती मागे राहिल्या. आमच्याकडे मूळ स्थानक आहे, शेजारी मालधक्का, इंजिनाला पाणी द्यायची लोखंडी टाकी, मोडकळीला आलेली क्वार्टर्स आणि ओढ्यावरचा कमानीचा पूल. नगरपरिषदेच्या प्रारूप विकास आराखड्यात या जागेवर व्यापारी संकुल आणि वाहनतळ दाखवलंय. हरकतींची मुदत चालू आहे, म्हणून घाईने हा धागा काढतोय.

ज्यांना या रेल्वेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने ही लाइन उभी केली. १८९५ साली लंडनमध्ये कंपनी नोंदवली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. कुर्डुवाडीच्या स्थानकाला तेव्हा बार्शी रोड म्हणत. बार्शीची पेठ मोठी, पण मुख्य लाइन तिला टाळून गेलेली, त्यामुळे सगळा माल बैलांवर लादून कुर्डुवाडीला न्यावा लागे. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज जोडलं गेलं. सगळी मिळून लांबी सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात. १९५४ मध्ये सरकारने लाइन ताब्यात घेतली. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी भरून जाणारी गाडी ती हीच.

कॅलथ्रॉपची खरी करामत वजनाच्या हिशेबात होती. इंजिन असो, डबा असो की वाघीण (मालाचा डबा), एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हे त्याने ठरवून टाकलं. त्यामुळे यार्डाला ३० पौंड इतके हलके रूळ पुरले. पूल हलके झाले, खर्च आवाक्यात राहिला. आमच्या ओढ्यावरचा पूल इतका किरकोळ का दिसतो, याचं उत्तर त्या पाच टनांत आहे. हे लोकांना समजावून सांगणारी एक पाटीही गावात नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आता मुद्दा. गावात दोन मतं आहेत. एक, सगळं पाडा. दुसरं, पाडा पण कुठून तरी जुनं इंजिन आणून चौकात चौथऱ्यावर उभं करा. माझा दुसऱ्यालाही पहिल्याइतकाच विरोध आहे. उघड्यावर ठेवलेलं इंजिन दोन-चार पावसाळ्यांत पत्र्यासारखं गळायला लागतं, आणि त्याच्याकडे बघून इथे नेमकं काय चालायचं ते कोणालाच कळत नाही. मालधक्का बघा. एका बाजूला बैलगाडी मागे लावता येईल एवढी उंची, दुसऱ्या बाजूला वाघिणीच्या तळाशी जुळणारी उंची. हमाल पोतं पाठीवर घेऊन सरळ चालत जायचा, चढ नाही, उतार नाही. तिथून पेठेकडे जाणारा रस्ता अजून त्याच रुंदीचा आहे. स्थानक, धक्का, टाकी, रस्ता, पेठ ही सगळी रचना एकत्र राहिली तरच तिला अर्थ आहे.

आणखी एक गोष्ट. क्वार्टर्सच्या कुंपणाचे खांब म्हणजे उभे गाडलेले जुने रूळ आहेत. परवा एका खांबाचा गंज तारेच्या ब्रशने खरवडला, तर रुळाच्या पोटावर उठावाची अक्षरं दिसली, कारखान्याचं नाव आणि पुढे साल. अर्धी अक्षरं जमिनीत आहेत. गावात कितीतरी घरांच्या माळ्याखाली असेच रूळ तुळईसारखे बसवलेले आहेत. आपापल्या घरात बघा म्हणून सांगतोय सगळ्यांना.

हरकतीत काय लिहावं, कुणाकडे जावं, इमारतीचं पुढे काय करावं, यावर अनुभवी मंडळींनी लिहावं ही विनंती.

सांधेवाला

रूळवाट, धागा काढलात ते फार बरं केलंत. माझी सगळी नोकरी नॅरोगेजवर गेली. एक कळकळीने सांगतो. इमारत वाचवायला वेळ लागेल, पण तोवर सामान जाईल. स्थानकात बघा, तिकिटावर तारखेचा छाप उमटवणारं यंत्र, तिकिटांचं लाकडी कपाट, हातदिवे, घंटा (आमच्याकडे घंटा म्हणजे रुळाचा टांगलेला तुकडाच असायचा), सांध्याच्या तरफा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायचे दांडे), वेताची कडी. ही कडी आजच्या मुलांना माहीत नाही. एकेरी मार्गावर पुढच्या स्थानकाने लाइन क्लिअर, म्हणजे मार्ग मोकळा असल्याची परवानगी, दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही. परवानगीचा कागद कडीला अडकवून ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. गाडी थांबणार नसेल तर धावत्या इंजिनातून फायरमन हात बाहेर काढायचा आणि कडी दंडात अडकवून घ्यायचा. रात्री, पावसात, हातदिव्याच्या उजेडात हे काम चालायचं.

लाइन बंद झाली की यादी होते, यादीनंतर भंगाराचा लिलाव. लिलावात वेताची कडी नि घंटा वजनावर जाते. म्हणून आधी माहिती अधिकारात अर्ज टाका. केंद्राच्या कार्यालयाला १० रुपये शुल्क आणि ३० दिवसांत उत्तर. मागायचं काय, तर जागेचा नकाशा, इमारतींची नोंदवही आणि भंगारात काढलेल्या वस्तूंची यादी. लाइनच्या तुमच्या बाजूचं काम सोलापूर मंडळाकडे असेल. कुर्डुवाडीला नॅरोगेजचा कारखाना होता, तिथल्या जुन्या माणसांना भेटा. कागदात नाही ते त्यांच्या डोक्यात आहे.

पेठेतला

मी याच पट्ट्यातला व्यापारी. विरोधात लिहितोय, पण मनापासून लिहितोय, राग मानू नका.

आमच्या गावात बाजाराच्या दिवशी रुग्णवाहिका पेठेत शिरू शकत नाही. टेम्पो लावायला जागा नाही. अशा वेळी गावाच्या मधोमध एवढी मोठी मोकळी जागा पडून आहे आणि तिथे रात्री दारूच्या बाटल्या फुटतात. पाणीपुरवठ्यालाच नगरपरिषदेकडे पैसा नाही, ती जुन्या भिंती काय सांभाळणार? आणि पुलाचं म्हणाल तर २ ऑगस्ट २०१६ ची रात्र विसरू नका. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि माणसांनी भरलेल्या दोन एसटी गाड्या त्याच्याबरोबर गेल्या. जुनं ते सोनं म्हणायला ठीक आहे, पण माणसं मेली तर जबाबदार कोण?

चुनखडी

पेठेतलादादा, तुमचा पुलाचा मुद्दा पहिला घेते, कारण तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम मी करते.

दगडी कमान वयामुळे सहसा पडत नाही. ती पडते पायाखालची माती गेल्यामुळे. नदीतला वाळूउपसा, पुराने खांबाभोवती पडलेला खड्डा, सांध्यात रुजलेला पिंपळ, पाणी निघायची बुजलेली भोकं, आणि मूळ हिशेबाच्या कितीतरी पट वजनाच्या गाड्या. त्यामुळे पहिलं काम म्हणजे स्थापत्य तपासणी. तिच्यात पूल कमकुवत निघाला तर वाहनं त्याच दिवशी बंद, यात भावना आणायची नाही. पण वाहनं बंद करणं आणि पूल पाडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाच टनी आसासाठी बांधलेल्या पुलावर डंपर घालू नयेतच. पायी माणसं आणि सायकली यांच्यासाठी तोच पूल, पाया आणि सांधे नीट केले तर, चांगला चालू शकतो. पिंपळ मात्र नुसता वरून तोडू नका. मुळं आत जिवंत राहतात आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट जोराने फुटतात. मुळापर्यंत जाऊन तेवढे दगड सोडवून पुन्हा बसवावे लागतात.

आता स्थानकाची इमारत. हौसेने होणारं सगळ्यांत मोठं नुकसान म्हणजे सिमेंट. गावात वर्गणी जमते, उत्साहात चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा होतो, वर चकचकीत ऑइल पेंट. दिसायला छान. पण चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटने ती वाट बंद झाली की ओल आत अडकते, क्षार दगडाच्या तोंडाशी येतात आणि घडीव दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. चार-पाच वर्षांत जी खराबी दिसते ती शंभर वर्षांत झालेली नसते.

काम चुन्यातच करायचं. भट्टीचा चांगला चुना, विरवून पाण्याखाली मुरत ठेवलेला. त्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. पूर्वी बैलाने ओढायच्या घाण्यात दगडी चाकाखाली मळायचे, आता यंत्राचे घाणे मिळतात. गूळ आणि हिरड्याचं पाणी अजून वापरतात, पण प्रमाण जाणकाराकडूनच घ्या, अंदाजाने ओतू नका. दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरताना आधीचं सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढायचं, ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा जातात. भरलेल्या दरजा ओल्या गोणपाटाखाली ठेवायच्या. चुना हळू घट्ट होतो, उन्हाळ्यात घाई केली की भुगा होतो.

छपराकडे तर आधी बघा. मंगळुरी कौलं असतील तर फुटलेली बदला, पन्हळी साफ करा, छप्पर तोलणाऱ्या सागवानी कैच्यांची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथे टोचणीने तपासा. टोचणी सहज आत गेली तर लाकूड कुजलंय. छप्पर कोरडं राहिलं तर इमारत तुम्हाला विचार करायला वर्षं देते.

वऱ्हाडपांथी

आमच्याकडची गोष्ट सांगतो, यातून काही घेता आलं तर घ्या. मूर्तिजापूर हे मधलं जंक्शन, एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. ही आमची नॅरोगेज गाडी, शकुंतला. कापूस मुंबईला आणि तिथून इंग्लंडला जावा म्हणून टाकलेली लाइन, मालकी किलिक निक्सनच्या गटातल्या खासगी कंपनीची, आणि स्वातंत्र्यानंतरही ती मालकी सुटलेली नव्हती. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं, मग डिझेल आलं. पुढे गाडीच बंद पडली. गावोगावच्या लोकांनी आंदोलनं केली, निवेदनं दिली.

आमचा अनुभव असा की गाडी पुन्हा सुरू करा या मागणीतच सगळा जोर गेला. ती मागणी रास्त होती, अजूनही आहे. गरीब माणसाला परवडणारी तीच सवारी होती. पण त्या काळात स्थानकांकडे कोणी बघितलं नाही. खिडक्या गेल्या, दारं गेली, स्लीपर गेले, रुळावर बाभळी वाढल्या. दोन्ही मागण्या बरोबर चालवायला पाहिजे होत्या. तुमच्याकडे गाडीचा प्रश्न उरलेला नाही, तर तुमचा सगळा जोर इमारतीवर लावता येईल, हे एका अर्थी सोपं आहे.

पाचोरा-जामनेरची आमची भावंडं पण हेच बघताहेत. ती पीजे करोनाच्या काळात थांबली. तिकडच्या कोणी हा धागा वाचत असेल तर स्थानकांचे फोटो आताच काढून ठेवा.

नकाशा_क्रमांक

नगररचनेच्या कामात आयुष्य गेलं, तेवढ्यापुरतं लिहितो.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यापासून हरकतीला ३० दिवस मिळतात, नंतर नियोजन समितीसमोर सुनावणी होते. हरकत मोघम लिहू नका. ‘वारसा वाचवा’ एवढंच लिहिलेले शेकडो अर्ज एका ओळीत निकाली निघतात. आरक्षणाचा क्रमांक, गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, इमारतीचं नाव, मोजमाप, फोटो आणि तुम्हाला तिथे नेमकं काय हवंय ते लिहा. उदाहरणार्थ, ‘स्थानक इमारत व मालधक्का वारसा यादीत घ्यावा, उरलेल्या जागेत वाहनतळ ठेवण्यास हरकत नाही.’ अशी हरकत समितीला मान्य करता येते, कारण तिने आराखडा मोडत नाही. पेठेतल्यांची अडचणही तिच्यात सुटते.

कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात काय काय असावं ते दिलंय, त्यात ऐतिहासिक आणि वास्तुशिल्पीय महत्त्वाच्या वास्तूंचं जतन स्पष्ट आहे. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा वास्तूंची तरतूद आहे. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आणि श्रेणी चालू आहेत, लहान गावांनी तो मार्ग क्वचितच वापरला, एवढाच फरक.

काही जण म्हणतील पुरातत्त्व खात्याकडे जा. माझा सल्ला, सरसकट जाऊ नका. केंद्रीय संरक्षित स्मारक झालं की भोवतीच्या १०० मीटरमध्ये बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. दाट वस्तीत याचा अर्थ शेजारच्या प्रत्येक घरमालकाशी भांडण. स्थानिक यादीतली नोंद हलकी असते आणि लोक बरोबर राहतात.

एक गाठ मात्र आहे. जमीन रेल्वेची असेल तर नुसत्या नगरपरिषदेच्या ठरावाने रेल्वे बांधली जात नाही. मंडल रेल प्रबंधकांना (रेल्वेच्या मंडळाचे प्रमुख) वेगळं निवेदन द्या आणि इमारत भाड्याने किंवा वापराच्या करारावर द्यावी अशी मागणी करा. दोन्ही दारं एकदम ठोठावायची.

गोदाकाठ

सगळे दगडाबद्दल बोलताय, मला क्वार्टर्सबद्दल बोलायचंय. माझं बालपण गँगमनच्या खोलीत गेलं. एक खोली, पुढे पडवी, पाणी इंजिनाच्या टाकीवरून. भल्या पहाटे वडील हातोडा आणि पाना घेऊन रूळ तपासायला निघायचे. उन्हाळ्यात रूळ तापून वाकडे होतात, म्हणून दुपारी पुन्हा. आई फलाटावर शेंगा विकायची. स्थानकाची इमारत वाचली आणि क्वार्टर्स पाडली, तर स्टेशनमास्तरांची आठवण राहील आणि आमच्यासारख्यांची पुसून जाईल. निदान दोन खोल्या तरी जशाच्या तशा ठेवा.

आणि माणसं बोलती करा. हमाल, वाघिणी भरणारे, टांगेवाले, चहा विकणारे. मोबाइलवर रेकॉर्ड करा, नाव-गाव-काम सुरुवातीला बोलून घ्या, त्यांची परवानगीही त्याच रेकॉर्डिंगमध्ये घ्या. त्यांच्यातले बरेच जण आता ऐंशीच्या पुढे आहेत. इमारतीला छप्पर घालायचं काम सहा महिने पुढे ढकलता येईल, हे नाही.

सह्यधार

माथेरानचं उदाहरण इथे द्यायला हवं. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने पदरच्या पैशाने बांधलेली, १९०७ मध्ये सुरू झालेली दोन फुटी लाइन. २००५ च्या पावसात पार वाहून गेली, २००७ मध्ये पुन्हा उभी राहिली. २०१९ च्या पावसात नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या अलीकडचं स्थानक) भाग परत बंद, २०२२ मध्ये पुन्हा सुरू. दरवेळी खर्च झाला, कारण तिथे गाडीला काम आहे आणि तिच्यावर पोट असलेली माणसं आहेत. तुमच्या स्थानकालाही काम द्या. रिकामी जतन केलेली इमारत पाच वर्षांत पुन्हा पडकी होते.

त्याच माथेरानमध्ये माणसाने ओढायची हातरिक्षाही होती. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंद करायला सांगितली आणि ते योग्यच झालं. वाहतुकीच्या इतिहासातलं सगळंच चालू ठेवायचं नसतं. काहींची फक्त नोंद ठेवायची.

नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, २००२ पासून. तिथे जाऊन वस्तू कशा मांडल्यात ते बघून या.

पेठेतला

चुनखडीताई आणि नकाशा_क्रमांक यांचं वाचलं. वाहनतळ राहणार असेल आणि पुलावर गाड्या बंद होणार असतील तर माझा विरोध उरत नाही. एक सुचवतो. मालधक्क्यावर आठवडी बाजार भरवा. शेतकरी आता रस्त्यावर बसतात, म्हणूनच पेठ तुंबते. धक्क्याला उंची आहे, वर शेड आहे, टेम्पो मागे लावला की माल सरळ उतरतो. भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेल. व्यापारी असोसिएशनमध्ये मी बोलतो, पण मला ताईंनी लिहिलेलं दरजांचं काम किती रुपयांचं होईल त्याचा अंदाज लागेल.

रूळवाट

दादा, हे मला सुचलंच नव्हतं. धक्का बांधला तेव्हा त्याचं जे काम होतं, जवळपास तेच काम त्याला परत मिळेल. हरकतीत हे घालतोच.

ठरलं ते असं: वाहनतळ मागच्या मोकळ्या जागेत, धक्क्यावर बाजार, स्थानकात एक खोली वस्तूंसाठी आणि बाकीची वाचनालयाला, गोदाकाठ यांच्या म्हणण्याप्रमाणे दोन खोल्या मूळ स्वरूपात. पूल फक्त पायी. माहिती अधिकाराचा अर्ज उद्या टाकतो. मोजमापासाठी रविवारी सकाळी जमतोय, जवळचे कोणी येणार असतील तर टेप आणि टोपी आणा. चुनखडीताई, छपराची टोकं तपासायला तुम्ही आलात तर दुरुस्तीचा अंदाजही तिथेच काढता येईल.

चुनखडी

येते. शिडी मजबूत हवी आणि खाली धरायला दोन माणसं. कौलांवर कोणी चढू नका, मी आतून बघते. अंदाज चौरस फुटावर देईन, पण आधी एक हातभर भिंत नमुना म्हणून करून बघू, ती एक पावसाळा काढू दे.

सांधेवाला

रविवारी मीही येतोय. मोजताना एक लक्षात ठेवा. रुळांमधलं अंतर डोक्याच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजायचं, मधोमध नाही. अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर यायला हवं. थोडं जास्त आलं तर तिथे वळण होतं असं समजा आणि नकाशावर खूण करा, कारण वळणावर आम्ही मुद्दाम थोडं सैल ठेवायचो. कुंपणाचे रूळ उपटू नका. भोवतीची माती हाताने काढा, अक्षरांवर ओला खडू घासा आणि उन्हं तिरपी असताना फोटो घ्या.